नाव बदललं, नंबर तोच
(इनामगाव इथं मुंबई-पुण्याच्या साथींपुढं केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यातल्या निम्म्या पोरांनी गाडीतून उतरल्या उतरल्या विचारलं, इथं बघायला आहे काय? बघायला आहे ती माती. घोड नदीच्या काठचं हे पांढरीचं टेकाड. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत ते उकरलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत, म्हणजे नऊशे वर्षं, इथं माणसं नांदली. त्यांनी जव पिकवला, नदीचं पाणी पाटानं आणलं, पाटाला बांध घातला, भांडी भाजली, पोरं जन्माला घातली आणि मेलेली पोरं दोन रांजणांची तोंडं एकमेकांना लावून घरातल्याच भुईखाली पुरली.

ह्या गावाचं नाव काय होतं?

इनामगाव नव्हतं. 'इनाम' हा शब्द अरबी. तो ह्या मुलखात यायला त्या माणसांना मरून दीड-दोन हजार वर्षं व्हावी लागली. त्यांनी आपल्या गावाला काहीतरी म्हटलंच असणार. आयांनी पोरांना हाका मारल्याच असणार. पण लिहिणं त्यांच्यापाशी नव्हतं, म्हणून नाव गेलं. आता पुस्तकात त्यांना 'जोर्वे संस्कृती'चे लोक म्हणतात. जोर्वे हे संगमनेर तालुक्यातलं गाव. तिथं तशी भांडी आधी सापडली म्हणून हे नाव. नऊशे वर्षं नांदलेल्या माणसांना दुसऱ्या गावच्या खापरावरून नाव मिळालं!

आणि आजचं नाव बघा. इनाम म्हणजे काय? सत्तेनं खूश होऊन कुणालातरी दिलेली जमीन, तिचा सारा माफ. महाराष्ट्रात इनामाची गावं पायलीला पन्नास आहेत. अशा गावाचं नाव देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची आठवण ठेवतं. त्या जमिनीत राबला कोण, ते नाव सांगत नाही. आमच्या वाट्याला आलं ते वतन. महारकी. मेलेलं ढोर ओढा, दवंडी द्या, साऱ्याची थैली डोक्यावर घेऊन चावडीपर्यंत धावा, आणि त्या बदल्यात हाडकी-हाडोळ्याचा तुकडा. बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कायदेमंडळात ह्या वतनाविरुद्ध बिल मांडलं. कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करायचा कायदा यायला १९५८ उजाडलं.

तेव्हा साथींनो, आजचा विषय नावांचा आहे. जगातल्या शहरांची नावं कोण बदलतो, कशासाठी बदलतो, आणि त्यातून आपण काय शिकायचं.

मी दहावी शिकलेला गोदीतला मजूर. जगाचा भूगोल मी शाळेत थोडा आणि धक्क्यावर जास्त शिकलो. कंटेनरच्या कागदावर बंदरांची नावं अक्षरांच्या खुणेनं असतात. मुंबईची खूण अजून बी-ओ-एम आहे, म्हणजे बॉम्बे. विएतनामच्या हो चि मिन्ह शहराची खूण एस-जी-एन, म्हणजे सायगाव. यांगूनची आर-जी-एन, म्हणजे रंगून. सेंट पीटर्सबर्गची एल-ई-डी, म्हणजे लेनिनग्राड. सरकारं बदलली, पाट्या बदलल्या, पण मालाच्या कागदावर जुनंच नाव फिरतं आहे. व्यापाऱ्याला नावाशी कर्तव्य नसतं. माल पोचला की झालं.

आणखी एक गोष्ट धक्क्यावर शिकलो. जहाजाचं नाव मालक बदलला की बदलतं. भंगारात निघालेल्या जहाजाचं नाव तर शेवटच्या फेरीआधीसुद्धा बदलतात. घाईघाईत रंगाचा हात मारतात, कधी जुन्या नावातली दोन अक्षरं खोडून उरलेल्यालाच नवं नाव म्हणतात. रंगाखाली वेल्डिंगनं उठवलेली जुनी अक्षरं उन्हात दिसतात. पण जहाजाला एक सात आकडी नंबर असतो. आयएमओ नंबर. तो बांधणीच्या वेळी पडतो आणि भंगार होईपर्यंत सुटत नाही. झेंडा बदलो, मालक बदलो, नाव बदलो, नंबर तोच.

हा नंबर डोक्यात ठेवा. पुढं लागणार आहे.

आता शहरं घेऊ.

पहिली तऱ्हा जिंकणाऱ्याची. बायझँटियन नावाच्या गावाला रोमच्या बादशहानं, कॉन्स्टंटाईननं, ३३० साली राजधानी केलं, आणि ते त्याच्या नावानं कॉन्स्टँटिनोपल झालं. १४५३ साली तुर्कांनी ते घेतलं. पण लोकांच्या तोंडी आधीपासूनच एक साधं नाव होतं. ग्रीक भाषेत 'शहराकडे' अशा अर्थाचे जे शब्द होते त्यांचंच घासून 'इस्तंबूल' झालं. आपली माणसं 'गावाकडं चाललो' म्हणतात ना, तसं. १९३० साली तुर्की सरकारनं जगाला सांगितलं, आता हेच नाव वापरा. बादशहाचं नाव सोळाशे वर्षांनी गेलं आणि रस्त्यावरचं राहिलं.

न्यूयॉर्क घ्या. डच लोकांनी त्याला न्यू ॲम्स्टरडॅम म्हटलं. १६६४ साली इंग्रजांनी ते हिसकावलं आणि राजाच्या भावाचं, ड्यूक ऑफ यॉर्कचं नाव दिलं. हा ड्यूक आफ्रिकेतून गुलाम विकत आणणाऱ्या कंपनीचा म्होरक्या होता. ज्यांची ती भूमी होती त्या लेनापी लोकांना हुसकावलं, त्यांच्या भाषेतलं मॅनहॅटन तेवढं उरलं. जगातल्या सगळ्यात श्रीमंत शहराच्या कपाळावर गुलामांच्या व्यापाऱ्याचं नाव आहे, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

दुसरी तऱ्हा गादीवर बसलेल्याची. पीटर झारनं १७०३ साली वसवलेलं सेंट पीटर्सबर्ग. १९१४ साली जर्मनीशी युद्ध लागलं, नाव जर्मन वाटतं म्हणून पेट्रोग्राड केलं. १९२४ साली लेनिन वारले, लेनिनग्राड केलं. १९९१ साली लोकांचं मत घेतलं आणि परत सेंट पीटर्सबर्ग. कझाकस्तानची राजधानी अस्ताना. २०१९ साली तिथल्या राष्ट्राध्यक्षानं पद सोडलं आणि दुसऱ्या दिवशी नव्या राष्ट्राध्यक्षानं त्याचं नाव राजधानीला द्यायचं ठरवलं. नूर-सुलतान. २०२२ साली पुन्हा अस्ताना. साडेतीन वर्षांत दोनदा पाट्या रंगवल्या. रंगवणाऱ्याला दोनदा रोजगार मिळाला, एवढाच काय तो जनतेचा फायदा.

तिसरी तऱ्हा गुलामी झुगारणाऱ्यांची. ही आपली. काँगोत बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाच्या नावाचं शहर होतं. त्याच्या राज्यात रबर कमी भरलं म्हणून माणसांचे हात तोडत. १९६६ साली लिओपोल्डविलचं किन्शासा झालं. किन्शासा हे तिथल्याच एका जुन्या गावाचं नाव. मोझांबिकमध्ये लोरेन्सो मार्केस हे पोर्तुगीज नाव गेलं, १९७६ साली मापुटो आलं. त्याच वर्षी सायगावला हो चि मिन्ह यांचं नाव मिळालं.

पण थांबा, लगेच टाळ्या नकोत. किन्शासा हे नाव दिलं कुणी? मोबुटूनं. त्यानं देशाचं नाव बदललं, माणसांची ख्रिस्ती नावंसुद्धा सक्तीनं बदलायला लावली. आणि नाव आपलं, लूटही आपली म्हणत तीस वर्षं देश धुऊन खाल्ला. म्हणजे साहेबाचं नाव पुसलं की साहेबी पुसली असं होत नाही. काळा साहेब त्याच खुर्चीत बसतो.

मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट आहे हरारेची. झिंबाब्वे म्हणजे पूर्वीचं ऱ्होडेशिया. गोऱ्यांच्या राजधानीचं नाव सॅलिसबरी, एका इंग्लिश पंतप्रधानाच्या नावावरून. काळ्या मजुरांना शहरात राहू देत नव्हते. त्यांच्यासाठी वेगळी वसाहत होती. दिवसभर गोऱ्याच्या घरात राबायचं आणि रात्री आपल्या वसाहतीत जायचं. त्या वसाहतीचं नाव हरारे. १९८० साली देश स्वतंत्र झाला, आणि १८ एप्रिल १९८२ ला, स्वातंत्र्याच्या दुसऱ्या वाढदिवशी, आख्ख्या राजधानीचं नाव हरारे ठेवलं. मुळात ते तिथल्या एका टोळीप्रमुखाच्या नावावरून आलेलं, म्हणजे गोऱ्यांच्या आधीचं. पण मजूर ते ओळखत होते आपल्या वस्तीचं नाव म्हणून.

कळलं का काय झालं ते? गावकुसाबाहेरच्या वस्तीचं नाव गावाला दिलं! आपल्याकडं असं कधी झालंय? महारवाड्याचं नाव आख्ख्या गावाला? विचार करून बघा, कुणाकुणाची झोप उडेल.

आता आपल्या घरी या. बॉम्बेचं मुंबई १९९५ साली झालं. मला ते नाव प्यारं आहे. कोळ्यांच्या मुंबादेवीवरून आलेलं, मराठी तोंडात कायमचं असलेलं. गिरणीतल्या माणसानं कधी बॉम्बे म्हटलंच नव्हतं. पोर्तुगीजांनी हे बेट लग्नाच्या करारात इंग्लंडच्या राजाला दिलं, राजानं १६६८ साली वर्षाला दहा पौंड भाड्यानं कंपनीला दिलं. ते नाव गेलं, बरं झालं. हायकोर्ट अजून बॉम्बेच आहे, ते सोडा. पण मला विचारायचंय ते वेगळंच. ज्या कोळ्यांच्या देवीचं नाव घेतलं, त्या कोळ्यांच्या कोळीवाड्यांना किती जमीन राहिली? ज्या गिरणी कामगारांच्या तोंडात मुंबई होती, ते मुंबईत राहिले का? नाव मराठी झालं आणि मराठी कामगार लोकल धरून कर्जत-कसारा-विरारला गेला. नावाची भाषा बदलली, जमिनीचा भाव बदलला नाही. उलट चढला.

एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं घ्या. एल्फिन्स्टन गव्हर्नरचं नाव काढून प्रभादेवी करायचा ठराव डिसेंबर २०१६ मध्ये विधिमंडळात झाला. २९ सप्टेंबर २०१७ ला त्याच स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं मेली. पावसात पुलावर अडकलेली, कामावर निघालेली माणसं. जुलै २०१८ ला स्टेशनची पाटी बदलली. पाटी बदलू नये असं माझं म्हणणं नाही. पण आधी काय सुचलं आणि माणसं मेल्यावर काय सुचलं, हा क्रम पाठ करून ठेवा.

आता औरंगाबाद. ह्या विषयावर आपली पोरं एकतर गप्प बसतात नाहीतर दुसऱ्याच्या घोषणा देतात. मी सरळ बोलतो.

ते शहर वसवलं मलिक अंबरनं, १६१० साली, खडकी ह्या जागी. मलिक अंबर कोण? हबशी. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून बाजारात पुन्हापुन्हा विकला गेलेला. इतिहासकार सांगतात, त्याचं मूळ नाव चापू. 'अंबर' हे मालकानं ठेवलेलं. माणूस विकत घेतला की आधी त्याचं नाव बदलायचं, हा गुलामांच्या बाजाराचा नियमच होता. त्या गुलामानं दख्खनमध्ये मोगलांना सळो की पळो केलं आणि शहर उभारलं. त्याच्या मुलानं, फतेहखानानं, त्याला फतेहनगर म्हटलं. १६५३ साली औरंगजेबानं स्वतःचं नाव दिलं. २०२३ च्या फेब्रुवारीत केंद्राची परवानगी आली आणि छत्रपती संभाजीनगर झालं. त्याच दिवशी उस्मानाबादचं धाराशिव. २०२४ साली अहमदनगरचं अहिल्यानगर. इथून घोड ओलांडली की तोच जिल्हा.

संभाजीराजांबद्दल आपल्या मनात काय आहे ते ह्या शिरूर तालुक्याला विचारा. इथल्याच वढू बुद्रुकला त्यांची समाधी आहे. औरंगजेबानं १६८९ साली हाल करून मारल्यावर त्यांच्या देहाचे अंत्यसंस्कार गोविंद गोपाळ ह्या महारानं केले, अशी आपल्यात परंपरा आहे. त्याच वढूत २९ डिसेंबर २०१७ ला गोविंद गोपाळ यांच्या नावाच्या फलकावरून वाद पेटला, आणि तीन दिवसांनी, १ जानेवारी २०१८ ला, कोरेगाव भीमाला विजयस्तंभाकडं निघालेल्या आपल्या माणसांवर दगड पडले.

म्हणजे बघा. राजाचं नाव आख्ख्या शहराला द्यायला सगळे तयार. त्या राजाला अग्नी देणाऱ्या महाराचं नाव एका पत्र्याच्या फलकावर मात्र सहन होत नाही! मग हे प्रेम राजावरचं, का कुणाला तरी हुसकायची हौस? ज्या नावानं शेजारच्या मुसलमान मजुराला वाटावं की आता हे शहर आपलं राहिलं नाही, ते नाव कितीही थोर असलं तरी त्याचा वापर थोर नव्हे. औरंगजेब बादशहा होता, त्याचा पुळका मला नाही. पण हमालीच्या टोळीत माझ्या शेजारी जो पोतं उचलतो त्याचा औरंगजेबाशी संबंध तेवढाच, जेवढा माझा पेशव्याशी.

आणि त्याच औरंगाबादेत आपलं एक नाव होतं. मराठवाडा विद्यापीठ. २७ जुलै १९७८ ला दोन्ही सभागृहांनी ठराव केला की त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं. मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. विहिरी बाटवल्या, घरं जाळली, माणसं परागंदा झाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे मारले गेले. १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नाव मिळालं, तेही नामांतर नव्हे, नामविस्तार. मराठवाडाही ठेवलं. साडेपंधरा वर्षं लागली. ज्यांनी ह्या देशाची घटना लिहिली त्यांचं नाव एका विद्यापीठाच्या कमानीवर चढवायला साडेपंधरा वर्षं आणि इतके जीव!

का? नाव म्हणजे चार अक्षरंच असतील तर एवढं रक्त का सांडलं? कारण त्यांना ठाऊक होतं. पदवीच्या कागदावर ते नाव येणार. पाटलाच्या पोराला ते कागद भिंतीवर लावावे लागणार. नाव वरच्यानं खालच्याला द्यायचं असतं, खालच्याचं नाव वरच्यानं मिरवायचं नसतं, हा इथला कायदा. तो मोडत होता.

हा कायदा जुना आहे. मनुस्मृतीत चार वर्णांच्या नावांचे नियम आहेत. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं, आणि शूद्राचं किळस यावी असं. म्हणून आमचे आजे-पणजे धोंड्या, कचऱ्या, उकिरड्या झाले. बारसं आईनं केलं, पण नाव मनूनं ठेवलं. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ती पोथी जाळली. त्याच वर्षी, १ जानेवारीला, ते इथून जवळच्या कोरेगावच्या स्तंभापाशी आले होते. त्या दगडावर पडलेल्या सैनिकांची नावं आहेत. त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. महारांचं 'नाक'. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून चालत निघालेल्या पलटणीतली माणसं. गावानं ज्यांचं नाव तोंडात घ्यायलाही विटाळ मानला, त्यांची नावं दगडात कोरलेली बाबासाहेबांनी वाचली. तिथं दरवर्षी लाखो माणसं जातात ती ह्या नावांसाठी. पुस्तकी पंडितांना हे कळायला आणखी शंभर वर्षं लागतील.

नाव दुसऱ्यानं लादलं तर काय करायचं, हेही बाबासाहेबांनी दाखवलं. १९३८ च्या जानेवारीत मुंबईच्या कायदेमंडळात आपल्याला 'हरिजन' हे नाव कायद्यानं चिकटवायचं बिल आलं. देवाची माणसं! गोड नाव. कर्मवीर दादासाहेब गायकवाड विरोधात बोलले आणि बाबासाहेब आपल्या माणसांना घेऊन सभागृहातून बाहेर पडले. गोड नाव घेऊन आत बसण्यापेक्षा आपलं नाव घेऊन बाहेर उभं राहिलेलं बरं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी लाखोंना नवं नाव दिलं. पण ते लादलं नाही. माणसं उभी राहिली, स्वतःच्या तोंडानं बोलली, आणि नाव घेतलं. देणाऱ्यानं दिलेलं नाव आणि घेणाऱ्यानं घेतलेलं नाव ह्यातला फरक एवढाच आहे, आणि तो सगळा फरक आहे.

आता मुद्द्यावर येतो. २ डिसेंबर २०२० ला राज्याच्या मंत्रिमंडळानं ठरवलं की गावातल्या-शहरातल्या वस्त्यांची जातिवाचक नावं काढायची. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा, ढोरवस्ती ही नावं जायची, त्यांच्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी यायची. तामिळनाडूतही २०२५ च्या एप्रिलमध्ये सरकारनं 'कॉलनी' हा शब्द दप्तरातून काढायची घोषणा केली, कारण तिथं तो शब्द दलितांच्या वस्तीला चिकटून शिवीसारखा झाला होता.

चांगलं झालं. मी विरोधात नाही. शाळेच्या दाखल्यावर महारवाडा लिहिलेला पत्ता घेऊन नोकरी मागायला जाणाऱ्या पोराला विचारा, नाव बदलल्यानं काय होतं. पण माझ्या आजोळच्या गावात, गावाचं नाव सांगत नाही, भीमनगरची पाटी लागली. झकास निळी पाटी. गावातली माणसं काय म्हणतात? पूर्वी म्हणायची, तो महारवाड्यातला. आता म्हणतात, तो भीमनगरातला. तोंडाचा आकार तोच. नळाची लाईन गावात आहे तिथंच आहे. मयताला जायची वाट अजून दुसऱ्याच्या बांधावरून. ब्राह्मणवाड्याला भीमनगर म्हटलं असतं तर मी मानलं असतं.

साथींनो, जात हा ह्या समाजाचा आयएमओ नंबर आहे. बांधणीच्या वेळी पडतो, भंगार होईपर्यंत सुटत नाही. नावावर रंगाचे किती हात मारा. अस्पृश्य म्हणा, डिप्रेस्ड क्लास म्हणा, हरिजन म्हणा, शेड्यूल्ड कास्ट म्हणा, भीमनगरवाले म्हणा. खाली नंबर तोच. खोली भाड्यानं मागायला गेलो की मालक नाव विचारतो, मग आडनाव, मग गाव, मग गावातली आळी. तो नाव विचारतच नसतो. नंबर शोधत असतो.

ह्याच टेकाडात पुरलेल्या मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडलेले सापडले. मेलेल्यानं उठून घर सोडून जाऊ नये म्हणून तोडले असावेत, असं अभ्यासक म्हणतात. जितेपणी पाय तोडायची रीत आपल्या गावांनी नंतर काढली. तिला वस्तीचं नाव म्हणतात. उत्खननात हेही दिसलं की पाच खोल्यांचं घर आणि त्याशेजारचं धान्याचं कोठार एका म्होरक्याचं असावं, सुखी शेतकरी वस्तीच्या मध्यभागी होते आणि कुंभारासारखे कारागीर पश्चिमेच्या कडेला. तेव्हा जात होती असं मी म्हणत नाही, तसं ही माती सांगत नाही. पण मध्य कुणाचा आणि कड कुणाची, हा हिशेब किती जुना आहे ते बघा. नाव बदलायचं असेल तर हा हिशेब बदलायला पाहिजे.

म्हणून मी तीन प्रश्न सांगतो. शहर असो, स्टेशन असो, वस्ती असो, नाव बदलायची हाळी आली की हे तीन प्रश्न टाका.

पहिला, हे नाव मागितलं कुणी? राहणाऱ्यांनी का मंत्र्यांनी? २०२२ साली वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींना राजकीय पुढाऱ्यांची नावं द्यायचा निर्णय झाला. शंभर वर्षं त्या चाळींत ज्यांनी दिवस काढले त्यांच्यात नाव देण्यासारखा एक कामगार, एक शाहीर, एक बाई निघाली नसती?

दुसरा, ह्या नावानं कुणाला हुसकायचं आहे का? हुसकायचं असेल तर ते नाव कुणाचंही असो, आपण त्या मिरवणुकीत नाही.

तिसरा, नावाबरोबर काय येतंय? जमीन येतेय, पाणी येतंय, वाट येतेय, का नुसता रंग?

आणि हे प्रश्न घरातही टाका. आपल्या लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात बोटानं बायकोचं नवं नाव लिहितात. आईबापानं वीस वर्षं हाक मारलेलं नाव तांदळात बुजवायचं आणि सगळ्यांनी पेढे खायचे. मनूनं आपल्याला उकिरड्या केलं म्हणून आपण चिडतो. तिला कुणी विचारलं का, तुला हे नाव पाहिजे का? विद्रोह ताटापासून सुरू करा.

आता काम. नुसतं बोलून उठायचं नाही.

परत गेलात की ज्याच्या त्याच्या मूळ गावात चौकशी करा. वस्तीचं नाव २०२० नंतर बदललं का? बदललं असेल तर रेशनकार्डावर, मतदारयादीत, शाळेच्या दाखल्यावर, टपालाच्या पत्त्यावर बदललं का, का नुसतं पाटीवर? बदललं नसेल तर ग्रामसभेत ठराव मांडा. पण आधी वस्तीची स्वतःची सभा घ्या. बायांना पुढं बसवा. नाव त्या ठरवतील. आणि ठरावात नावाच्या खालीच लिहा, घराच्या जागेची नोंद, नळ, स्मशानाची वाट. एका कागदावर. नाव मंजूर आणि बाकी पुढच्या सभेत, असं कुणी म्हणालं तर कागद परत घ्या.

आणि वस्तीतल्या म्हाताऱ्यांपाशी बसा. वस्तीला गावानं काय नाव दिलं ते सगळ्यांना ठाऊक असतं. वस्तीतल्या माणसांनी आपसात काय नाव ठेवलं होतं, कुठल्या झाडावरून, कुठल्या विहिरीवरून, कुठल्या आजीवरून, ते विचारा. लिहून घ्या. ह्या टेकाडातल्या माणसांचं नाव गेलं कारण लिहिणारं कुणी नव्हतं. आपल्याला आता ती सबब नाही. आपल्याला अक्षर आलंय, आणि ते फुकट आलेलं नाही.

मी हरारेची वाट बघतोय. एक दिवस असा यावा की कडेच्या वस्तीचं नाव आख्ख्या गावानं अभिमानानं घ्यावं, पत्त्यावर लिहावं, सोयरिकीत सांगावं. त्या दिवशी नंबर गळून पडेल. तोवर पाट्या रंगवणाऱ्यांना एवढंच सांगायचं, रंग लावा, आमची ना नाही, पण रंगाखालची अक्षरं आम्ही वाचतो.

जयभीम.